निलावारांची पायरी

वाढोणखेडच्या पेठेत अजूनही रोज सकाळी शटरं वर जात होती. कशासाठी, हे वर करणाऱ्यांनाही धड सांगता आलं नसतं. प्रफुल निलावार तर शटरच्याही आधी एक काम करी. घरातून बादलीभर पाणी आणून तो आपल्या कापड दुकानाच्या दगडी पायऱ्या खराट्याने घासून धुवी, खालच्या पायरीवर रांगोळीची दोन बोटं ओढी आणि मगच कुलपाला हात लावी. हा त्याच्या वडिलांचा, महादेवरावांचा दंडक होता. "गिऱ्हाइकाची पायरी मोकळी पाह्यजे," हे वाक्य प्रफुलने बाराखडीच्याही आधी ऐकलं होतं. लहानपणी एकदा त्याने शाळेचं दप्तर पायरीवर टाकलं, तर महादेवरावांनी दप्तर एकीकडे आणि त्याला दुसरीकडे भिरकावलं. तेव्हापासून पायरीवर काही दिसलं की डोक्याच्या आधी त्याचा पाय पुढे होई. चहाचा कागदी कप असो, कुणाची चप्पल असो की झोपलेलं कुत्रं असो, समोरच्याशी गप्पा न थांबवता तो ते पायाने बाजूला सारी. आता पायरी दिवसभर मोकळीच असायची. कुत्रीसुद्धा माणसांच्या शोधात बायपासकडे निघून गेली होती.

मागची हकीकत अशी. वाढोणखेडचा शनिवारचा बाजार पूर्वी ह्याच पेठेत भरायचा. मारुतीच्या देवळापासून एसटी स्टँडपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांनी बाया पोती अंथरून बसायच्या. भाजीवाल्या, मिरचीवाल्या, मडकी घेऊन आलेल्या कुंभारणी. आणि जंगलाकडच्या गावांतल्या गोंड बाया, ज्यांच्या टोपल्यांत हंगामाप्रमाणे मोहफुलं, चारोळी, टेंभरं नाहीतर सीताफळं असायची. बाई सीताफळं निवडायला वाकायची, निवडून उठताना तिला समोर टांगलेलं लुगडं दिसायचं आणि पाय आपसूक दुकानाच्या पायरीवर पडायचा. पेठेचं पोट ह्या वाकण्या-उठण्यावर चाललं होतं. पण पोट भरल्यावर व्यापाऱ्यांना वास यायला लागले. मिरचीने ठसका लागतो, पाल्याने नाली तुंबते, मोटारसायकल दारापर्यंत येत नाही. सगळे मिळून पंचायतीत गेले, सगळ्यांच्या पुढे महादेवराव. बायपासच्या पलीकडे मोकळं मैदान पडलं आहे, बाजार तिकडे हलवा म्हणाले. बाजार हलला. पेठेत पेढे वाटले गेले. पुढच्या शनिवारी सगळे शहाणे आपापल्या गादीवर बसून स्वच्छ रस्त्याकडे बघत राहिले, आणि तसेच अजून बघत होते.

तिकडे मैदानावर टिनाचे शेड उभे राहिले, नळ आला, शेडच्या समोर दुकानांचे नवे गाळे निघाले. जी गिऱ्हाइकं उरली ती वर्ध्याच्या एसटीने नेली आणि त्यातूनही जी उरली त्यांना मोबाइलने घरीच बसवलं. पेठेतल्या सराफाने दुकान विकलं, चपलांचं दुकान बंद पडलं, किराणावाला पुलगावला मुलाकडे राहायला गेला तो परत आलाच नाही.

प्रफुलची बायको प्रेरणा ह्यातून काय ते केव्हाच समजली होती. तिचा भाऊ योगेंद्र सावंगीला, मेडिकल कॉलेजच्या गेटसमोर, होणाऱ्या डॉक्टरांचे पांढरे ॲप्रन विकायचा. त्याचं दुकान धो धो चालत होतं आणि काउंटरवर त्याला घरचा माणूस हवा होता. योगेंद्र तसा भला, भाऊजी भाऊजी करणारा. पण ज्याच्या आजोबांच्या नावाची पाटी दुकानावर लागलेली आहे, त्याने साळ्याच्या काउंटरवर पगारी उभं राहायचं, ह्या विचाराने प्रफुलच्या घशाखाली घास उतरत नसे. तिथे तो कुणाचा मालक नसता, कुणाचा निलावार नसता, नुसता मापं घेणारा माणूस असता.

"दिवाळीपर्यंत थांब," तो प्रेरणाला म्हणाला. "काई झालं नाई तं मी स्वतः योगेंद्रले फोन करतो."

"किती दिवाळ्या झाल्या वो तुमच्या," प्रेरणा म्हणाली. पण थांबली.

म्हणून प्रफुल इरेला पेटला. शनिवारचा बाजार पेठेत परत आणायचा, असं त्याच्या मनाने घेतलं. दुकान वाचायचं तर आता एवढी एकच वाट होती. त्याने मारुतीच्या देवळात पेठेतल्या सगळ्या दुकानदारांना बोलावलं. निकेश नावाचा तरणाताठा नगरसेवक होता, त्याचंही पेठेत मोबाइलचं दुकान होतं. त्याने नगरपंचायतीतून एवढं कबूल करून आणलं, की दिवाळीच्या आधीचा एक शनिवार बाजार पेठेत भरवून पाहा. बाया आपल्या मर्जीने आल्या, टिकल्या, तर पुढचं बघू. देवळात सगळ्यांनी माना डोलावल्या. असा एकोपा पेठेने पेढे वाटल्यानंतर पाहिला नव्हता. मग कोणाच्या दुकानासमोर कोण बसणार हा विषय निघाला आणि एकोप्याला लगेच पाय फुटले.

"माह्यासमोर फुलवाली दे," डोमाजी म्हणाला. डोमाजीचं भांड्यांचं दुकान प्रफुलच्या भिंतीला भिंत लावून होतं. "मिरचीवाली नको. माह्या मायले दमा हाये."

"तुमची माय तं घरी राहते, काका."

"घरी राहते म्हनून काय झालं? मी तोच ठसका घरी घेऊन जातो ना."

दुसऱ्याला फुलवालीच हवी होती, तिसऱ्यालाही. गावात फुलवाली एकच. शेवटी प्रफुल वैतागून म्हणाला, "ज्या कोनाले नको असन त्या साऱ्या माह्या दुकानासमोर बसवा. माही काई हरकत नाई." सगळ्यांना हायसं वाटलं. डोमाजीने मिरचीवाली घेतली, पण जशी काही औषधाची पुडी घ्यावी तशी घेतली.

राहता राहिल्या जंगलाकडच्या बाया. त्या आल्या नाहीत तर बाजाराला रंग चढणार नाही आणि त्या येणार की नाही, हे रामबाईवर होतं. रामबाई पूर्वी निलावारांच्या पायरीपाशी बसायची. तिच्याआधी तिची सासू बसायची. प्रफुल मोटारसायकल काढून तिच्या गावी गेला. बोर धरणाच्या वरच्या अंगाला, सागाच्या जंगलात घुसत गेलेल्या रस्त्याच्या शेवटी. रामबाई अंगणात सीताफळं निवडत होती. डोळे उघडलेली एकीकडे, कच्ची एकीकडे. तिच्या सुनेने, सोनमने, प्रफुलला पाण्याचा तांब्या दिला आणि ती सासूच्या मागे जाऊन बसली.

"मावशी, शनिवारी पेठेत बाजार भरवून राह्यलो," प्रफुल म्हणाला. "तुमी या."

"कायले?" रामबाई म्हणाली. "तिथी मैदानावर डोक्यावर टिन हाये. नळ हाये. तुमच्या पेठेत काय हाये?"

प्रफुलने येताना बरंच काही जुळवून ठेवलं होतं. त्यातलं त्याला काहीच आठवेना. "काईच नाई," तो म्हणाला. "म्हनून तं आलो."

रामबाई हसली. हसता हसता एक फळ हातात फिरवत राहिली. मग म्हणाली, "तुमच्या बापानं माह्या टोपल्याले लात मारली होती. आठवते का?"

"आठवते."

"तुमी दुकानातच होते."

"होतो."

"कपडा मोजत होते."

प्रफुलने मान खाली घातली. त्याला आठवत होतं, नको तितकं आठवत होतं. बाजार हलण्याच्या आधीचं शेवटचं वर्ष. रामबाईचं टोपलं पायरीला लागलं होतं, कुणी मोठं गिऱ्हाईक आलं होतं, आणि महादेवरावांनी पायाने टोपलं उडवलं होतं. सीताफळं नालीत पडली. प्रफुल तेव्हा आतमध्ये गज हातात धरून उभा होता आणि त्याने मोजणं थांबवलं नव्हतं. थांबवायला हवं होतं, हे त्याला त्या रात्रीच कळलं होतं, पण कळून काय उपयोग?

"फळं गेली त्याचं मले काई नाई," रामबाई म्हणाली. "गेली तं गेली. पर आमी नवं फळ देवाले देल्याबिगर तोंडात घालत नाई. लेकरू रडलं तरी देत नाई. अन् त्याले त्यानं पाय लावला."

"मावशी, आता तसं नाई होनार. मी जबान देतो."

"बाप हाये का?"

"हाये. पर थकला. त्या दिवशी मी त्याले खाली उतरूच देनार नाई."

रामबाई मागे वळून सोनमशी गोंडीत बोलली. बराच वेळ बोलली. प्रफुलला एक अक्षर कळत नव्हतं; तो नुसता दोघींच्या तोंडांकडे पाहत, निकालाची वाट पाहणाऱ्या पोरासारखा बसला होता. शेवटी रामबाईने निवडलेल्यांतलं सगळ्यात मोठं सीताफळ त्याच्या हातावर ठेवलं.

"येईन मी. मी आली तं इकडच्या साऱ्या बाया येतीन. पर एक आताच सांगून ठेवतो. पाय लागला तं मी बोलनार नाई, भांडनार नाई. उठून जाईन."

"लागनारच नाई, मावशी," प्रफुल म्हणाला. त्याला इतका आनंद झाला होता की घाटातल्या उतारावर त्याने गाडी बंद करून नुसती सोडून दिली आणि वाऱ्याला तोंड देत, लहान पोरासारखा, खालपर्यंत आला. सीताफळ त्याने घरी प्रेरणाला दिलं. तिने ते देव्हाऱ्यात ठेवलं, का ते तिलाही ठाऊक नव्हतं.

आता उरले महादेवराव. घर दुकानाच्याच वरच्या मजल्यावर होतं, तिथेच ते दिवसभर असायचे. गुडघे गेले होते, पण काठीच्या आधाराने दिवसातून एकदा जिना उतरून गादीवर येऊन बसायचे. बाजार परत येणार हे ऐकल्यापासून त्यांनी धुतलेलं धोतर आणि काळी टोपी काढून ठेवली होती.

"बाबा, शनिवारी तुमी खाली येऊ नका," प्रफुल म्हणाला.

"काऊन?"

"रामबाई येनार हाये."

महादेवरावांनी टोपी गुडघ्यावर ठेवली होती, तिच्यावरून हात फिरवत राहिले. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, ज्याच्या खाकरण्याने पेठ गप्प व्हायची, त्याला असं गप्प बसलेलं पाहून प्रफुलला वाईट वाटलं. पण जबान दिली होती.

"बरं," महादेवराव शेवटी म्हणाले. "मी खिडकीतूनच पाहीन. तिची सीताफळं लय गोड राहत. एखादं आनजो वर."

शनिवार उजाडला. दुकानदारांनी आदल्या संध्याकाळीच रस्त्यावर चुन्याने चौकोन आखून ठेवले होते, ज्याचं त्याचं जागच्या जागी. पहिल्या एसटीने भाजीवाल्या आल्या. मग मालवाहू गाडीच्या मागच्या हौद्यात दाटीवाटीने उभ्या राहून जंगलाकडच्या बाया आल्या, आणि त्यांच्यात सगळ्यात पुढे, डोक्यावर चुंबळ सावरत, रामबाई. प्रफुल धावतच सामोरा गेला. तिचं टोपलं त्याने स्वतः दोन्ही हातांनी उतरवून घेतलं आणि आपल्या दुकानासमोरच्या चौकोनात ठेवलं. रामबाईने पोतं अंथरलं, बसली आणि आजूबाजूला पाहून म्हणाली, "नाली तं तशीच हाये."

आणि काय सांगावं, पेठ भरली! खरोखर भरली. बायपासच्या मैदानावर गेलेले लोक तिथे कुणी नाही हे पाहून मागे फिरले आणि पेठेत आले. म्हाताऱ्या बाया जुनी दुकानं ओळखत, बंद शटरांपुढे थांबत, इथे अमका होता, इथे तमका होता म्हणत हिंडू लागल्या. सीताफळांना वाकलेल्या बाया उठताना प्रफुलच्या दुकानाकडे पाहू लागल्या. एकीने पोरीसाठी झगा घेतला, एकीने खण घेतला, एकीने नुसती साडी उलगडून पाहिली आणि घडी मोडून टाकून गेली, तरी प्रफुलला तिचा राग आला नाही. गर्दी पाहून प्रेरणा वरचा स्वयंपाक तसाच टाकून खाली आली आणि कात्री घेऊन उभी राहिली. मध्येच तिने प्रफुलकडे पाहिलं आणि हसली. असं ती किती दिवसांत हसली नव्हती. वर खिडकीत महादेवराव टोपी घालून बसले होते.

मग तेच सुरू झालं, जे ह्या पेठेच्या रक्तात होतं. डोमाजीचे दोन हंडे खपले आणि त्याच्या अंगात आलं. त्याने दुकानातले पाण्याचे ड्रम काढून बाहेर रस्त्यावर, मिरचीवालीच्या चौकोनात, एकावर एक रचले आणि तिला म्हणाला, "जराशी तिकडं सरक वो बाई, गिऱ्हाइकाले माल दिसत नाई." मिरचीवाली रामबाईच्या चौकोनात सरकली. दुसऱ्या बाजूला निकेशने आपली मोटारसायकल आणून लावली, नगरसेवकाची गाडी म्हणून तिला जागा आपोआप झाली. तिकडून आणखी दोघी सरकल्या. चुन्याच्या रेघा पायांखाली पुसून गेल्या.

"डोमाजीकाका, देवळात काय बोललो होतो आपन?" प्रफुल बाहेर येऊन ओरडला. "त्या बाईची जागा हाये ते!"

"अरे जराशीच तं सरकवली. तुले काय तरास झाला?"

"मले नाई झाला, तिले झाला."

"तिची वकिली तू कायले करून राह्यला? धंदा कर ना बाप्पा आपला."

प्रफुल प्रत्येकाशी भांडला. निकेशला गाडी काढायला लावली, ती त्याने काढली आणि चार दुकानं सोडून दुसऱ्या बाईच्या पुढ्यात लावली. तेवढ्यात इकडे रामबाई चहूकडून दाबली गेली होती. मागे सरकता सरकता तिचं टोपलं पार दुकानाच्या खालच्या पायरीवर आलं. तिने प्रफुलकडे पाहिलं.

"इथी ठेवू का?"

"ठेवा मावशी," प्रफुल म्हणाला. "पायरी तुमचीच हाये."

जन्मात पहिल्यांदा पायरीवर काहीतरी होतं आणि त्याने ते राहू दिलं होतं. आपण बापाहून वेगळे आहोत, असं त्याला त्या घडीला अगदी मनापासून वाटलं. तो पुन्हा आत जाऊन कापड मोजू लागला.

दुपारच्या सुमाराला पांढरी मोठी गाडी गर्दीतून हॉर्न वाजवत आली आणि निलावारांच्या दुकानासमोर थांबली. पुलगावकडची मंडळी होती. मुलाचं लग्न ठरलं होतं, बस्ता बांधायला वर्ध्याला निघाली होती, पेठेतली गर्दी पाहून थबकली. नवऱ्या मुलाचा बाप, आई, होणारी सून आणि काठी टेकत उतरलेली आजी. नवऱ्या मुलाचा बाप दाराशी येऊन म्हणाला, "लग्नाचा बस्ता हाये. शालू आहेत का चांगले?"

बस्ता! सगळ्या वऱ्हाडाचं कापड एकाच दुकानातून. निलावारांच्या दुकानात बस्ता बांधला गेल्याला इतका काळ झाला होता, की शालूंचे गठ्ठे सगळ्यात वरच्या कपाटात धूळ खात पडले होते. प्रफुलने प्रेरणाकडे पाहिलं, तिने मानेने खूण केली. तो स्टुलावर चढला, दोन्ही हातांत मावतील तितके शालू छातीशी कवटाळून उतरला आणि पाहतो तर मंडळी आत आली होती, पण आजी अजून खाली रस्त्यावरच उभी.

"मले चढवत नाई बाप्पा इथून," आजी म्हणाली.

"या ना आजी, या, या," म्हणत प्रफुल गठ्ठ्यासकट दाराकडे धावला. हात भरलेले होते म्हणून त्याने कोपर पुढे केलं. "माह्या कोपराले धरा. इथं पाय द्या. हां, असं. जपून." आजी चढली. तिला गादीवर बसवून त्याने शालू पसरले, एक उलगडला, दुसरा उलगडला. "हा पाहा आजी, हा नागपूरले नाई मिळनार तुमाले." त्याला घाम आला होता, शब्द आपोआप सुचत होते, बापाच्या तोंडून ऐकलेले सगळे शब्द. तिसरा शालू उलगडताना त्याच्या लक्षात आलं, की प्रेरणा काउंटरपाशी नाही. ती दारात उभी होती, बाहेर तोंड करून.

"पानी आन ना आजीले," तो म्हणाला.

"काय केलं वो तुमी?" प्रेरणा न वळता म्हणाली.

"काय केलं?"

ती दारातून बाजूला झाली. पायरी मोकळी होती. टोपलं खाली रस्त्यावर आडवं पडलं होतं आणि सीताफळं मिरच्यांत, लोकांच्या पायांत, नालीत गेली होती. एक फुटून त्याचा पांढरा गर चुन्याच्या पुसलेल्या रेघेवर पसरला होता. प्रफुलने आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं. पायाला काही आठवत नव्हतं. टोपलं कधी लागलं, कधी सारलं, त्याला खरंच ठाऊक नव्हतं. शपथ घालून विचारलं असतं तर त्याने स्वतःच म्हटलं असतं की दुसऱ्या कुणीतरी केलं.

तो तीन ढांगांत खाली उतरला. "मावशी! माह्या ध्यानातच नाई आलं, मावशी. हात भरले होते माहे." तो रस्त्यावर गुडघे टेकून फळं वेचू लागला. रामबाईही वेचत होती, एकेक फळ पदराने पुसून टोपल्यात ठेवत होती. नालीत गेलेली तिने तशीच राहू दिली. ती रागावलेली दिसत नव्हती. ती रागावली असती, शिव्या दिल्या असत्या, तर प्रफुलने पाय धरले असते. पण तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती बोलणार नव्हती, हे तिने आधीच सांगून ठेवलं होतं.

टोपलं डोक्यावर घेऊन ती उठली आणि रस्त्याच्या पलीकडे बसलेल्या बायांना गोंडीत काहीतरी म्हणाली. लांबलचक नव्हतं. पहिल्या वेळी प्रफुलला त्यातलं काही कळलं नव्हतं, ह्या वेळी सगळं कळलं. एकेक बाई पोतं झटकून उठू लागली. चारोळीवाली उठली, झाडायचे फडे विकणारी उठली. सोनमने सासूचं पोतं गुंडाळून काखेत मारलं. प्रफुल त्यांच्यामागे देवळापर्यंत "मावशी, मावशी" करत गेला. लोक पाहत होते, निकेश पाहत होता. बाया मालवाहू गाडीत चढल्या आणि रामबाईने हौद्याचा दांडा धरून तोंड जंगलाच्या बाजूला केलं.

पुढचं सगळं उतारावरून धोंडा सुटावा तसं झालं. जंगलाकडच्या बाया गेल्या म्हटल्यावर भाजीवाल्यांची चुळबुळ सुरू झाली. मैदानावर अजून उशिराचं गिऱ्हाईक मिळेल, टिनाखाली सावली आहे, असं म्हणत त्याही उठल्या. मिरचीवाली जाताना डोमाजीच्या ड्रमाला धक्का देऊन गेली. डोमाजीला त्याचं काही वाटलं नाही. मोकळा रस्ता पाहून तो म्हणाला, "जाऊ दे, गिऱ्हाइकाले गाडी तं लावता येईन आता." गाडी लावायला कुणी उरलं नव्हतं.

प्रफुल दुकानात परतला तेव्हा बस्त्याची मंडळी उठायच्या तयारीत होती. होणाऱ्या सुनेने शालूच्या घडीवरची पिवळी पडलेली रेघ सासूला बोटाने दाखवली होती. "वर्ध्याले पाहून घेतो आमी," नवऱ्या मुलाचा बाप अवघडून म्हणाला. रिकाम्या हाताने जायला नको म्हणून त्यांनी मानपानाचे थोडे टॉवेल आणि टोप्या घेतल्या. आजी उतरताना म्हणाली, "पायरी बाकी मोकळी ठेवली बाप्पा तुमी. नाई तं दुकानाले चढताच येत नाई आजकाल." प्रफुलने तिला हात धरून उतरवलं.

संध्याकाळी निकेश आला. तो दारातच उभा राहिला. "भाऊ, नगरपंचायतीचे साहेब येऊन पाहून गेले," तो म्हणाला. "तवा तं रस्त्यावर कोनीच नोतं. काय सांगू मी त्याईले?" प्रफुल म्हणाला, काही सांगू नको. त्याने शालूंच्या घड्या घातल्या, गठ्ठे बांधले आणि वरच्या कपाटात ठेवायला स्टुलावर चढला. मग ते पुन्हा उतरवले. आता ते वर ठेवण्यात काही अर्थ नव्हता.

शटर ओढून तो जिना चढला. स्वयंपाकघरात प्रेरणा भिंतीला टेकून बसली होती. तिने मोबाइल त्याच्यापुढे केला. त्याने योगेंद्रला फोन लावला. योगेंद्र मनापासून खूश झाला, कधी येता भाऊजी, दिवाळी झाली की लगेच या, म्हणाला. प्रफुल "हो, हो" म्हणत गेला. आवाज त्याचाच होता, पण बोलणारा कुणी दुसराच असावा असं त्याला वाटत होतं. फोन ठेवताना त्याची नजर देव्हाऱ्याकडे गेली. सीताफळ पिकून काळं पडलं होतं, त्याला मुंग्या लागल्या होत्या.

पुढच्या खोलीत महादेवराव अजून खिडकीशीच बसले होते. टोपी डोक्यावर होती. डोळ्यांना आता रस्त्यावरची माणसं फार तर रंगांसारखी दिसत, त्यामुळे खाली काय घडलं ते त्यांना धड कळलं नव्हतं. नुसता आवाज बंद झाला, एवढंच कळलं होतं.

"एकदम चूप झालं सारं," ते म्हणाले. "गेल्या का बाया?"

"गेल्या."

"रामबाई?"

"तीबी गेली."

महादेवराव काठी चाचपत राहिले. त्यांच्या तोंडावर शिक्षा भोगूनही पुन्हा पकडल्या गेलेल्या माणसासारखी भीती होती. "काऊन गेली?" ते म्हणाले. "प्रफुल, मी तं खाली उतरलोच नाई रे. दिवसभर इथीच होतो. विचार पाह्यजे तं सूनबाईले. मी नाई उतरलो."

प्रफुल त्यांच्यासमोर जमिनीवर बसला. त्यांचे सुजलेले पाय त्याने हातात घेतले आणि मांडीवर ठेवले.

"नाई बाबा," तो म्हणाला. "तुमी नाई उतरले. मी होतो खाली."